शब्दांची भावकी

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २४ वर्षांची आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळा मराठी माध्यमाची. दीड वर्षापासून छत्रपती संभाजीनगरात तीन मैत्रिणींसोबत खोली करून राहते आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करते. वडील विहिरींवर सुरुंगाचं काम करतात. गणित आणि रिझनिंग ठीक आहे, गाडी इंग्रजीत अडते. अभ्यासिकेतल्या सगळ्यांसारखी तीही रोज तीस शब्द पाठ करायची आणि आठवड्याभरात विसरायची. मग कुणीतरी शब्दांच्या मुळांचा नाद लावला. ग्रीक देव, रोमन देव, लॅटिन धातू. तिला ते इतकं आवडलं की आता रात्री यादी बाजूला ठेवून ती त्या गोष्टीच वाचत बसते आणि सकाळी स्वतःवर चिडते. भाऊ म्हणतो, 'कामून डोकं खपवायलीस? ग्रीक देव नोकरी लावणार हैत का?' एका क्लासवाल्यानं 'मुळांच्या कोर्स'ची भली मोठी फी सांगितली आहे. तिनं शेवटी लिहिलंय, 'बाई, कॉन्व्हेंटच्या पोरांना हे देव लहानपणापासून माहीत असतात. आमच्या घरात इंग्रजीचं काहीच नाही. मी कुठून सुरू करू? का सोडून देऊ?'

अगं, 'आमच्या घरात इंग्रजीचं काहीच नाही' हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याच पत्रात वर तू लिहिलंयस की वडील सुरुंगाचं काम करतात. मग तिथूनच सुरू करू.

ग्रीक गोष्टीत सिरिंक्स नावाची एक वनदेवी होती आणि पॅन नावाचा रानातला देव होता. मेंढपाळांचा देव. कंबरेखाली बोकड, डोक्याला शिंगं. तो तिच्या मागं लागला. ती पळत पळत नदीपाशी आली, पुढं वाट संपली, तिनं नदीला विनवलं आणि तिचे बोरू झाले. पॅनच्या मिठीत आले ते नुसते बोरू. वारा सुटला, बोरूंमधून आवाज निघाला, तेव्हा त्यानं लहानमोठे तुकडे कापून मेणानं जोडले आणि वाजवायला घेतले. ग्रीकमध्ये सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, पावा. जमिनीखालून खणत नेलेल्या वाटेलाही ते हाच शब्द वापरत. दवाखान्यातली सिरिंज इथून आली. आणि भाषेचे अभ्यासक असं मानतात की संस्कृतातला 'सुरुङ्गा' हा शब्दसुद्धा याच ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो सापडतो, भुयार या अर्थानं. पुढं किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायला लागले आणि भुयाराचं नाव त्या दारूलाच चिकटलं.

म्हणजे तुझे वडील खडकात भोक पाडून दारू भरतात, आणि गावातल्या उपकेंद्राची नर्स दंडात सुई टोचते. दोघांची हत्यारं एकाच नळीची लेकरं आहेत. आता सांग, घरात काही नाही का?

त्याच पॅनचा दुसरा शब्द तुझ्या यादीत नक्की असणार, 'पॅनिक'. एकट्यादुकट्या माणसाला रानात अचानक छातीत धस्स होतं. मेंढरांचा कळप काही दिसलं नाही, ऐकलं नाही, तरी एकदम उधळतो. ग्रीक म्हणायचे, हे पॅनचं काम. आपल्याकडं चकवा लागतो, पिंपळावर मुंजा असतो, तसंच ते. आता यातून अर्थाचा एक बारकावा हाती लागतो, जो यादीतल्या 'घबराट' या एका शब्दानं लागत नाही. सुरुंगाला बत्ती दिल्यावर तुझे वडील ओरडतात आणि सगळे बांधाआड पळतात, ते पॅनिक नाही. तिथं धोका ठाऊक आहे, पळायचं कुठं तेही ठाऊक आहे. पॅनिक म्हणजे कारण नीट दिसत नसताना एकाचं बघून दुसऱ्यानं पळणं. बँक बुडाल्याची अफवा उठते आणि लोक पहाटेपासून दारात रांग लावतात, ते पॅनिक. तुझ्या परीक्षेतल्या उताऱ्यात हा शब्द बहुतेक याच अर्थानं येईल.

आता तुझ्या मनातल्या एका गृहीतकाला जरा हलवून बघते. कॉन्व्हेंटच्या पोरांना ग्रीक देव माहीत असतात, हे तुला कुणी सांगितलं? मी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यांच्यातलीही शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेली. पॅन कोण, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. पण घरात दूध उतू गेलं की आई 'डोंट पॅनिक' म्हणते, हे त्यांनी चौथ्या वर्षापासून ऐकलेलं. त्यांची आघाडी ही देवांची नाही, कानांची आहे. त्यांनी शब्द वाक्यात भेटलेले असतात, तू ते यादीत भेटतेस. यादीतला शब्द म्हणजे आधार कार्डावरचा फोटो. त्यावरून माणूस ओळखू येईलच असं नाही, आपलं आपल्यालाही येत नाही.

म्हणून तुझा प्रश्न 'पाठांतर का मुळं' असा दोन तोंडांचा नाहीच. तिसरं तोंड तू मोजलेलंच नाहीस, ते म्हणजे वाक्यं. त्याच्याकडं येते. पण आधी मुळांचं पूर्ण बोलून घेऊ, कारण मला स्वतःला त्याचा नाद आहे आणि तुला तो लागला याचा, खरं सांगू, आनंद झाला.

मी मुळाला 'भावकी' म्हणते. गावात एका आडनावाची तीस घरं असतात. मूळ पुरुष एक, पण कुणी तालुक्याला मास्तर, कुणी ऊसतोडीला, कुणी कोर्टात एकमेकांविरुद्ध. चेहऱ्याची ठेवण सारखी दिसते, स्वभावाची खात्री देता येत नाही. शब्दांचं असंच आहे. मुळावरून ओळख पटते, स्वभाव मात्र त्याच्या घरी जाऊनच कळतो.

हे मला कसं कळलं ते सांगते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला ग्रहांवरून आलेले शब्द सापडले आणि मी हरखून गेले. आपल्याकडं पत्रिका बघणारं घर, मंगळ-शनी-गुरू तोंडपाठ. इंग्रजीतही तेच ग्रह बसलेले! तूही बघ. ज्युपिटरचं दुसरं नाव जोव्ह, म्हणजे आपला गुरू. त्याच्या प्रभावात जन्मलेला माणूस हसरा, दिलखुलास, म्हणून 'जोव्हियल'. आपण म्हणतो ना, गुरुबळ चांगलं आहे. मार्स म्हणजे मंगळ, लढाईचा. त्यावरून 'मार्शल', मार्शल लॉमधला. सॅटर्न म्हणजे शनी, आणि 'सॅटर्नाइन' म्हणजे गंभीर, उदास, तोंड पाडलेला. साडेसाती लागलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं आण, दुसरं पाठ करायची गरज नाही. 'डिझास्टर'मध्येही तारा लपलाय, वाकड्या ताऱ्याचा तो शब्द. आपले ग्रह फिरतात, त्यांचे तारे.

तर मला बुध उरला होता. मर्क्युरी, देवांचा जासूद, बोलण्यात हुशार, व्यापारात चलाख. मी निबंधात ठोकून दिलं की माझे वडील 'मर्क्युरियल' आहेत. मला म्हणायचं होतं, बुद्धिमान. सरांनी भर वर्गात तो वाचला आणि विचारलं, 'का गं, तुझे वडील सकाळी लाड करतात आणि दुपारी ताट भिरकावतात का?' वर्ग हसला. मर्क्युरियल म्हणजे घडीत असा, घडीत तसा, पाऱ्यासारखा न ठरणारा. माझे वडील पोस्टात होते, एकाच सायकलवर नोकरी काढली, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मूळ बरोबर होतं, पारा आणि बुध इंग्रजीत एकाच नावाचे आहेत हेही बरोबर. फक्त शब्द तिथून पुढं चालत कुठं आला, ते मी पाहिलं नव्हतं. त्या शब्दाचं एक जरी वाक्य वाचलं असतं तर ही शोभा झाली नसती.

वारांचं जाता जाता सांगते. इंग्रजी वारांत रोमन देवांच्या जागी बहुतेक इंग्रजांचे स्वतःचे जुने देव बसलेत. मंगळवारी युद्धदेव टिऊ, बुधवारी वोडन, गुरुवारी थॉर, शुक्रवारी फ्रिग, आणि शनिवारी सॅटर्न जसाच्या तसा. आपले वार आणि त्यांचे वार एकाच ग्रहांच्या रांगेत चालतात. महिन्यांत तर सप्त, अष्ट, नव, दश असे आपले आकडेच ऐकू येतात: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. नववा महिना सातवा कसा? जुनं रोमन वर्ष मार्चात सुरू व्हायचं, जवळजवळ आपल्या पाडव्याच्या सुमाराला.

आणि टँटलस. हा माझा लाडका. देवांचा अपराध केला म्हणून त्याला हनुवटीपर्यंत पाण्यात उभं केलं, डोक्यावर फळांनी लगडलेली फांदी. वाकला की पाणी ओसरतं, हात वर केला की फांदी वर जाते. त्यावरून 'टँटलाइज', दाखवायचं आणि द्यायचं नाही. पुस्तकात याचा अर्थ 'भुलवणे, झुलवणे' असा काहीतरी देतात. आपल्याकडं याला आयती म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. जायकवाडीच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याची जमीन आहे त्याला टँटलस समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी वर्गात हा शब्द शिकवला. एकाही पोरानं वहीत उतरवून घेतला नाही, आणि वर्षभरानं विचारला तर सगळ्यांना येत होता.

तुझ्या हाती आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडं तुझ्याइतकी नाही. आपल्या भागाची मराठी उर्दू-फारसीत भिजलेली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. माझे आजोबा उर्दूत शिकले, मराठी पत्र लिहितानाही सुरुवातीला त्यांचा हात उजवीकडं जायचा. त्याआधीही, पैठणच्या एकनाथांनी दरबारी फारसी कागदांच्या थाटात 'अर्जदस्त' नावाची भारुडं लिहिलीच की. या भाषेला आपण कमीपणाची समजतो, शहरात गेल्यावर लपवतो. इंग्रजीची अर्धी दारं मात्र तिच्यातून उघडतात.

बुद्धिबळात आपण 'शह' देतो. तो फारसी 'शाह', राजा. फ्रेंच लोकांच्या तोंडून जाऊन इंग्रजीत तो 'चेक' झाला. आधी राजाला धोका देणं, मग कुणालाही रोखणं, मग थांबवून तपासणं. आणि ज्या बँकेत तुला बसायचंय तिथला चेकही तोच. स्थळप्रतीशी ताडून तपासता यावा असा कागद. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. मात तर आपण करतोच. 'टॅरिफ' घे, अर्थकारणाच्या बातम्यांत रोज असतो. अरबी 'तारीफ'शी त्याचं सख्खं नातं. तारीफ म्हणजे मुळात ओळख करून देणं, माहिती देणं. म्हणून जुने लोक अनोळखी माणसाला विचारतात, 'आपकी तारीफ?' जकातीचे दर जाहीर करून कळवलेले, तो टॅरिफ. 'मॅगझीन' आणि आपला 'खजिना' एका मुळाचे, साठवण्याची जागा. म्हणून बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीलाही मॅगझीन म्हणतात आणि लेखांच्या साठ्यालाही.

दप्तराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फारसीतून आपल्याकडं आलेला हा शब्द मुळात ग्रीक, 'डिफ्थेरा', कमावलेलं कातडं. त्यावर लिहायचे, म्हणून लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा तो दप्तर, आणि पोरांच्या पाठीवरची पिशवीही दप्तर. घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून १८२६ साली ब्रेतोनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं त्या रोगाला याच शब्दावरून नाव दिलं. त्यातून डिप्थेरिया. त्रिगुणी लशीतला पहिला रोग. स्पेलिंगमध्ये पी-एच आणि लगेच टी-एच का येतं, आणि सगळे पहिला एच का गाळतात, हे आता तू विसरणार नाहीस.

ग्रीकांचं नाव एवढ्यांदा आलं म्हणून सांगते, ते आपल्याला परके नाहीत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी टिपणवहीत पैठण आहे आणि तगर आहे, म्हणजे आपलं तेर. इथला माल गाड्या भरून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून समुद्रापार. सुरुंग हा शब्द त्याच गाड्यांतून आला असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मुंबईचं कॉन्व्हेंट कुठं होतं, एवढं विचारायला काय हरकत आहे!

आता दुसरी बाजू. तुझा भाऊ पूर्ण चुकीचा नाही.

बँकेच्या बऱ्याच पूर्वपरीक्षांत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला चाळीस सेकंद. तेवढ्यात टँटलसला पाण्यात उभं करून बाहेर काढायला वेळ नसतो. गोष्ट शब्द आत ठेवायच्या कामी येते, बाहेर काढताना तो आपोआप यावा लागतो, आणि आपोआप येतो तो वारंवार भेटलेला शब्द. शिवाय त्या तीस प्रश्नांत सुटा शब्द आणि त्याचा अर्थ असं थेट थोडंच असतं. उतारा असतो, गाळलेल्या जागा असतात, वाक्यातल्या चुका असतात. तिथं शब्दाचा अर्थ माहीत असून भागत नाही, त्याच्या शेजारी कोण बसतं ते माहीत लागतं. म्हणून रात्री दोन तास नुसत्या देवांच्या गोष्टी वाचल्यास तर ते इंग्रजीचा अभ्यास म्हणून धरू नकोस. करमणूक म्हण आणि खुशाल वाच. अर्धा तास. झोपण्याआधी. तुझी सगळी चिडचिड ही एकाच गोष्टीला दोन नावं दिल्यानं होतेय. आवडीची गोष्ट अभ्यास म्हणून करतेस, मग अभ्यास झाला नाही म्हणून रडतेस.

यादी पाठ करणं पूर्ण सोडावं का? तीस शब्द रोज हे खुळ सोड. दहा पुरेत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त गळतं. तुझं डोकं खराब नाहीये, सगळ्यांचीच चाळण आहे. म्हणून आज घेतलेले दहा उद्या बघायचे, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. आणि बघायचे म्हणजे वाचायचे नाहीत. अर्थ झाकून आठवायचे.

वही कशी करायची ते सांगते, मी तीस वर्षं हीच करतेय. शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, जसंच्या तसं, पेपरातलं असो की सरावाच्या प्रश्नपत्रिकेतलं. वाक्य मिळालं नसेल तर शब्द वहीत घ्यायचाच नाही, हा नियम कडक. उजव्या पानावर त्याची भावकी. सगळ्या शब्दांना भावकी शोधू नकोस. दहातल्या दोन-तीन शब्दांचीच गोष्ट कामाची असते, बाकीच्यांचं मूळ कळून काही लाभ नाही. 'नाइस'चं मूळ लॅटिनमध्ये 'अडाणी' असं आहे, ते कळून कुणाचं भलं झालं? उलट मैत्रिणीला नाइस म्हणताना जीभ अडखळेल. जिथं मूळ आजच्या अर्थाकडं नेतं तिथं धर, जिथं भरकटवतं तिथं सोड. खाली एक ओळ मोकळी ठेवायची, तिथं आपली म्हण, आपलं माणूस, आपला प्रसंग. साडेसातीचा चेहरा, उशाचं धरण. ती ओळ क्लासवाला देऊ शकत नाही.

क्लासचं विचारलंयस. ती फी देऊ नकोस. मुळं सांगणारी माहिती कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाच्या खालीच छापलेली असते, मोबाईलवर फुकट दिसते. मराठीच्या बाजूनं मोल्सवर्थचा कोश आहे, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. तोही इंटरनेटवर मोकळा आहे आणि शब्द संस्कृतातला, फारसीतला की अरबीतला, याच्या खुणा त्यात केलेल्या आहेत. महिन्यातून एक रविवार त्यात घालव, पैसे वसूल होतील, जे तू दिलेलेच नाहीत.

कोशात पडताळून बघायची सवय आणखी एका कारणानं लाव. मोबाईलवर मुळांच्या नावाखाली भरपूर कचरा फिरतो. 'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ' हे तुलाही आलं असेल. खोटं आहे, 'न्यू'चं अनेकवचन, नव्या गोष्टी, बस. दुसरा कचरा अभिमानाचा: इंग्रजीचे सगळे शब्द संस्कृतातूनच गेले म्हणे. नाव आणि नेम, नव आणि न्यू, दंत आणि डेंटल सारखे दिसतात हे खरं. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात भाषण करताना हेच म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका घरातून निघालेल्या दिसतात. बहिणी, आई-लेकी नाहीत. आणि देणंघेणं दोन्हीकडून झालं. साखर आपली गेली, फारसी-अरबी करत 'शुगर' झाली. 'लूट' गेली, ती कशी गेली ते सांगायला नको. मुंगूस तर इंग्रजी कोशात मराठीच्या नावावर आहे, आणि म्हणूनच त्याचं अनेकवचन 'गीस' लावून होत नाही, साधं 'मंगूसेस' होतं. तो हंसाच्या भावकीतला नाहीच. उलट 'केंद्र' आणि ज्योतिषातली 'होरा' आपण ग्रीकांकडून घेतली. 'सेंटर' आणि 'अवर' ही त्यांची इंग्रजीतली भावंडं. घेतलं म्हणून कुणी लहान होत नाही. बटाटा, साबण, पगार आपण कुठं परत दिलेत?

जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षकही मला असलीच पत्रं लिहितात, त्यांच्यासाठी एवढंच. पाचवी-सहावीच्या पोरांना ग्रीक नावं पाठ करायला लावू नका, ती आणखी एक यादी होईल. गोष्ट सांगा, मराठीत सांगा, शब्द शेवटी टाका. आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आयांनो, इंग्रजी येत नाही म्हणून दूर बसू नका. 'शह'चा अर्थ पोराला तुम्हीच जास्त चांगला सांगाल.

तुझी परीक्षा जवळ असेल तर तोवर वाटणी अशी ठेव: दिवसाचा इंग्रजीचा वेळ दोन तास धरला तर एक तास उतारे आणि जुन्या प्रश्नपत्रिका, अर्धा तास इंग्रजी पेपरातला एकच लेख, मोठ्यानं, खोलीतल्या मैत्रिणी हसल्या तरी. उरलेला अर्धा तास वही. परीक्षा झाल्यावर देवांना मोकळं रान दे. पहिल्या फटक्यात नाही झालं तर भाऊ ग्रीकांच्या नावानं बोटं मोडेल, त्याला हा लेख दाखवू नकोस, नुसती वही दाखव.

आणि पुढच्या वेळी गावी गेलीस की माझं एक काम कर. वडिलांना विचार, बत्ती दिल्यावर ते लोकांना हटवायला नेमकं काय ओरडतात. आमच्या गावच्या विहिरीवर एक म्हातारा लांबलचक 'हुश्शाऽऽर' म्हणायचा, तोही फारसीच, होशियार. तुमच्याकडं वेगळा शब्द असेल तर मला कळव. माझ्या वहीचं उजवं पान तिथं अजून कोरं आहे.